‘आय डिड नॉट वेन्ट’ सुटलं, रिफंड मात्र अडकला : स्पोकन इंग्लिश क्लासचा माझा अनुभव

आधीच सांगून टाकते, क्लासचं नाव इथे लिहिणार नाहीये. नाशकातला आहे, आणि नाशकात असे बोर्ड प्रत्येक चौकात दोन-दोन आहेत, त्यामुळे ओळखायला जाऊ नका. नाव न लिहायचं एक कारण म्हणजे माझे तीन हजार रुपये अजून त्यांच्याकडे अडकलेत, आणि दुसरं म्हणजे तिथे रविवारी शिकवणाऱ्या ज्या मॅडम आहेत त्यांना माझ्यामुळे ऑफिसकडून काही ऐकून घ्यावं लागायला नको. हा रिव्ह्यू खरं तर मॅडमसाठीच लिहितेय, बाकीच्या क्लासबद्दल लिहायला मी एवढा वेळ घालवला नसता.

मी सातपूर एमआयडीसीत एका मशीन पार्ट्सच्या कंपनीत डिस्पॅचला आहे, बारा वर्षं झाली. शाळा पूर्ण मराठी मीडियम, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, तेव्हा मी दहावीत होते, म्हणजे आमची बॅच हुकलीच. वाचायला येतं, समोरचा हळू बोलला तर कळतं, मेलसुद्धा लिहिते कारण मेलमध्ये जुन्या मेलमधली वाक्यं उचलून चिकटवता येतात. प्लीज फाइंड अटॅच्ड, काइंडली डू द नीडफुल, ॲज पर टेलिफोनिक डिस्कशन, एवढ्या भांडवलावर मी पहिली सात-आठ वर्षं काढली.

मग आमच्याकडे एक्स्पोर्ट सुरू झालं आणि जर्मनीच्या एका कस्टमरने विचारलं की मटेरियल कधी निघणार. मी लिहिलं, वी विल डिस्पॅच द मटेरियल टिल मंडे. मला म्हणायचं होतं सोमवारपर्यंत पाठवतो. त्याचं उत्तर आलं, एकदम सभ्य भाषेत, की ठीक आहे, पण सोमवारनंतर डिस्पॅच का थांबवताय, उरलेल्या मालाचं काय करायचं? मी तो मेल चार वेळा वाचला. आधी वाटलं त्यालाच इंग्रजी कमी येत असेल, जर्मन माणूस आहे. शेवटी क्वालिटीतला एक नवीन पोरगा म्हणाला, ताई तिथे बाय पाहिजे, बाय मंडे, टिल म्हणजे तोपर्यंत चालूच राहणार आणि मग बंद होणार. साहेब सीसीत होते. ओरडले वगैरे काही नाहीत, फक्त म्हणाले, पुढचा मेल पाठवायच्या आधी एकदा मला दाखवत जा. बारा वर्षांच्या नोकरीनंतर हे ऐकायला किती गोड लागतं ते तुम्हीच समजून घ्या.

तर त्याच आठवड्यात क्लास लावला. तीन महिने, साडेनऊ हजार, सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी सात ते साडेआठ, शिवाय रविवारी सकाळी ‘डाऊट बॅच’, ती फीमध्येच धरलेली असं काउन्सेलरने तोंडाने सांगितलं. हे ‘तोंडाने’ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. नोट्सचे वेगळे साडेतीनशे. स्पायरल बाइंडिंग, वर घड्याळाच्या त्या लंडनच्या टॉवरचा फोटो, आत झेरॉक्सची झेरॉक्स, काही पानांवर अक्षरं अशी की डोळ्यांच्या डॉक्टरकडे बोर्ड वाचतोय असं वाटावं. आणि क्लासच्या काचेच्या दारावर मोठ्या अक्षरात स्टिकर, इंग्लिश इज नॉट डिफिकल्ट, इट ओन्ली नीड प्रॅक्टिस. पहिल्या दिवशी मला त्यात काहीच चुकीचं दिसलं नाही. नंतर एकदा जिना चढताना एकदम दिसलं, अरे, इट नीड? नीड्स पाहिजे ना! स्टिकर अजून तसाच आहे. फीमधलं पहिलं फळ म्हणजे त्यांच्याच दारावरची चूक मला दिसायला लागली.

संध्याकाळच्या बॅचबद्दल थोडक्यात लिहिते कारण थोडक्यातच आहे. सर तरुण आहेत, उत्साही आहेत, टाय लावतात, आणि त्यांचं म्हणणं ग्रामर विसरा, फक्त बोला. मराठी बोललं की दहा रुपये दंड, डब्यात टाकायचे. पहिला आठवडा सगळ्यांनी उठून ‘मायसेल्फ अमुकतमुक’ केलं आणि सरांनी कुणालाही सांगितलं नाही की आय ॲम म्हणा. मग रोज एक विषय, माय फेव्हरेट फेस्टिव्हल, मोबाइल चांगला की वाईट. फायदा झालाच नाही असं म्हणणार नाही, तोंड उघडलं, चारचौघांत उभं राहून बोलायची भीती गेली, आमच्या बॅचमध्ये एक मेडिकल दुकानवाले काका होते ते तर शेवटी शेवटी थांबवावे लागायचे. पण सगळे एकमेकांच्याच चुका ऐकून त्याच पक्क्या करत होते. एकाने आय डिडन्ट नो म्हटलं तर बाकी तिघांना तेच चुकीचं वाटलं, कारण आम्ही सगळे आय डिडन्ट न्यू वाले. आणि दंडाच्या भीतीने शंका विचारायची सोयच नाही, कारण शंका यायची मराठीत. सिडकोतून येणारी एक मुलगी होती, कायम भिंतीच्या बाजूला बसायची, तिने तीन महिन्यांत डब्यात एक रुपया टाकला नाही, कारण ती एक शब्दही बोलली नाही.

आता रविवार. सकाळी साडेआठ ते साडेदहा. पहिल्यांदा गेले तेव्हा आम्ही फक्त सात जण होतो, बाकीचे झोपलेले असणार. मॅडम साधारण पन्नाशीच्या, कॉटनची साडी, हातात चॉक, व्हाइटबोर्डचा मार्कर त्यांना आवडत नाही म्हणून स्वतःचा एक छोटा फळा आणून भिंतीला टेकवून ठेवलेला. आल्या आणि म्हणाल्या, इथे मराठी बोलायला परवानगी आहे, कारण तुमच्या चुका मराठीतूनच येतात तर त्या कुठून येतात ते बघायला मराठीतच जावं लागेल. मी त्या दिवशी मनात म्हटलं, साडेनऊ हजार वसूल होऊ शकतात.

आणि मग त्यांनी डिड नॉट वेन्ट घेतलं. पाचवीपासून मी ऐकतेय की डिड आलं की पहिलं रूप घ्यायचं, नियम पाठ आहे, पेपरात गाळलेल्या जागेत बरोबर लिहिते, आणि बोलायला गेले की आय डिड नॉट वेन्ट. का? मॅडमनी फळ्यावर लिहिलं, मी गेले. खाली लिहिलं, मी गेले नाही. आणि विचारलं, ‘नाही’ लावल्यावर ‘गेले’चं काय झालं? काहीच नाही, जसंच्या तसं. मराठीत भूतकाळ क्रियापदातच राहतो, नकार दिला तरी, प्रश्न विचारला तरी, तू गेलीस का, तिथेही गेलीसच. इंग्रजीत ‘डिड’ आला की भूतकाळाचा सगळा भार तो एकटा उचलतो आणि मागचं क्रियापद मोकळं होऊन गो होतं. आपल्या डोक्याला ते मोकळं झालेलं क्रियापद उघडं-बोडकं वाटतं म्हणून आपण त्याला परत वेन्ट घालतो. त्यांचे शब्द, ‘एका माणसाला दोन दोन स्वेटर घालताय तुम्ही, एक काढा.’ तीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून बोलताना चूक झाली तरी अर्ध्या सेकंदात कळतं की स्वेटर दोन झाले.

त्याच दिवशी कुणीतरी वैतागून म्हणालं की मॅडम, गोचं वेन्ट कुठून आलं, ‘गोएड’ का नाही होत. तर म्हणाल्या, वेन्ट हा मुळात गोचा नाहीच, वेन्ड म्हणून दुसरंच जुनं क्रियापद होतं त्याचा भूतकाळ गोने उचलून आणलाय. आणि हसू नका, आपण काय करतो? जा, जातो, जाईन, आणि भूतकाळात एकदम गेलो. हा ‘ग’ कुठून आला? जालो का नाही? तेही दोन वेगळ्या धातूंचं लग्न आहे, संस्कृतातला या आणि गम्. ये चं आलो होतं, कर चं केलं होतं, लहान मुलं ‘मी करलं’ म्हणतात तेव्हा आपण हसतो, ते पोर नियमानेच चाललेलं असतं. बाकी इंग्रजी क्रियापदाला तुम्ही अवघड म्हणता तर मराठी बघा, मी जाते, तू जातेस, तो जातो, ती जाते, ते जातात, एवढ्या शेपट्या आपण न चुकता लावतो, आणि इंग्रजी बिचारं वर्तमानकाळात एकच एस मागतं, ‘ही’ आणि ‘शी’ला, तेवढा आपण विसरतो. मला एकदम दारावरचा स्टिकर आठवला.

असे दहा-अकरा रविवार मला मिळाले. सगळे लिहीत बसत नाही, पण जे कामाला आलं ते लिहिते म्हणजे तुम्हाला कल्पना येईल की नक्की काय शिकवतात.

टिल आणि बायचं मी स्वतःच विचारलं, जर्मन कस्टमरची गोष्ट सांगून. मॅडम हसल्या नाहीत, उलट खूश झाल्या. म्हणाल्या, दोष तुमचा नाही, ‘पर्यंत’चा आहे. सोमवारपर्यंत थांब आणि सोमवारपर्यंत पैसे दे, आपल्याकडे दोन्हीकडे पर्यंतच. पण थांबणं हे सोमवार येईस्तोवर सतत चालू आहे आणि पैसे देणं हे त्याच्या आत कधीतरी एकदा होणार आहे. सतत चालू राहणारं असेल तर टिल, एकदाच उरकायचं असेल तर बाय. तसंच ‘पासून’चं. आय ॲम वर्किंग हिअर सिन्स ट्वेल्व्ह इयर्स, हे वाक्य आमच्या कंपनीत सगळे बोलतात, एचआरसकट. पासून म्हटलं की आपल्याला सिन्स आठवतो, पण सिन्सला सुरुवातीची खूण लागते, २०१३ पासून, सकाळपासून, लग्नापासून. बारा वर्षं ही खूण नाही, ती लांबी आहे, लांबीला फॉर. आणि ॲम वर्किंग नाही, हॅव बीन वर्किंग, कारण काम मागे सुरू होऊन आत्तापर्यंत आलंय. ‘फॉर मोजायला, सिन्स बोट दाखवायला’ असं त्यांनी फळ्यावर लिहिलं, ते मी डेस्कवर चिकटवलंय.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ‘आला की’ वर. आपण म्हणतो ट्रक आला की सांग. ट्रक अजून आलेला नाही, येणार आहे, तरी ‘आला’. किंवा ट्रक येईल तेव्हा सांग, इथे ‘येईल’. म्हणजे पुढच्या गोष्टीसाठी मराठी एकदा भूतकाळ वापरते, एकदा भविष्यकाळ, आणि इंग्रजी दोन्ही सोडून वर्तमानकाळ घेते, व्हेन द ट्रक कम्स. आपण येईल तेव्हाच्या मागून जातो आणि व्हेन द ट्रक विल कम लिहितो. इफचंही तेच, पाऊस पडला तर, इफ इट रेन्स. तिथे कुणी पडलाच्या नादाने इफ इट रेन्ड म्हटलं तर अर्थच सरकतो, पाऊस पडायची फारशी शक्यता नाहीये पण समजा पडला, असा सूर येतो. आणि पाऊस पडला असता तर, हे इफ इट हॅड रेन्ड. इफ इट वुड हॅव रेन्ड नाही. मजा म्हणजे आमच्या साडेतीनशेच्या नोट्समध्ये पान चव्वेचाळीसवर इफ आय वुड हॅव नोन असं छापलंय. मॅडमना दाखवलं तर त्यांनी शांतपणे पेन मागितलं आणि माझ्या प्रतीत दुरुस्त करून दिलं, आणि म्हणाल्या, बाकीच्यांनीही करून घ्या.

मेलसाठी उपयोगी पडलं ते कालचं प्रकरण. मी काल मेल पाठवलाय, हे मराठीत एकदम बरोबर. म्हणून आय हॅव सेन्ट द मेल यस्टरडे. पण इंग्रजीत एकदा काल, परवा, सोमवारी, दहा वाजता असा संपलेल्या वेळेचा शिक्का मारला की हॅव निघतो, आय सेन्ट द मेल यस्टरडे. शिक्का नसेल तर आय हॅव सेन्ट द मेल, चालतं. परवा म्हटल्यावर कुणीतरी विचारलं की परवा मागचा का पुढचा, तर मॅडम म्हणाल्या बघा, आपल्याकडे एकच परवा, आणि मागचा का पुढचा ते क्रियापद सांगतं, परवा आले, परवा येईन. मराठीत क्रियापदावर एवढा विश्वास टाकता, मग इंग्रजीत का घाबरता. आणि लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू, हे मी किती वेळा पाठवलं असेल देव जाणे. टू दिसला की पुढे मूळ क्रियापद टाकायची सवय. मॅडमनी सांगितलं, ‘कशाची वाट बघताय? उत्तराची. ‘ची’ लागतो म्हणजे तिथे नाम बसतं, म्हणून हिअरिंग.’ तसंच लवकर उठायची सवय आहे, सवय कशाची, उठायची, म्हणून आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली. आणि मी आधी लवकर उठायचे, आता नाही, ते आय यूज्ड टू गेट अप. दिसायला जुळी भावंडं, स्वभाव पूर्ण वेगळे.

आणखी एक, हे मला फार आवडलं. काही ठिकाणी मराठी आपल्याला मदत करते आणि आपण ती घेतच नाही. राइज आणि रेज यात सगळे गोंधळतात. भाव वाढले आणि भाव वाढवले यात आपण कधी गोंधळतो का? वाढले, उठले, आपोआप, ते राइज, रोज, रिझन. वाढवले, उठवले, कुणीतरी केलं, ते रेज, रेज्ड, रेज्ड. स्टीलचा भाव वाढला, द प्राइस रोज. सप्लायरने रेट वाढवले, ही रेज्ड द रेट. पडणे-पाडणे, बसणे-बसवणे अशा जोड्या आपल्या रक्तात आहेत, फक्त तिकडे लावायच्या. से आणि टेलचंही तसंच, म्हणाला आणि सांगितलं. ही टोल्ड दॅट म्हणणाऱ्याला मॅडम एवढंच विचारायच्या, कुणाला सांगितलं? उलट ‘करणे’ दगा देतं, चहा करतो, चूक करतो, गृहपाठ करतो, फोन करतो, सगळं करतोच, आणि इंग्रजीत चहा, चूक, फोन मेकवाले आणि गृहपाठ डूवाला. तिथे नियम-बियम नाही, पाठ करा म्हणाल्या, सरळ.

एकदा तर अर्धा तास फक्त ईडीवर. आमच्याकडे सगळे डिस्पॅचेड म्हणतात, चे आणि ड वेगळा लावून. मॅडमनी गळ्यावर बोटं ठेवायला लावली. शेवटचा आवाज काढताना गळा थरथरला नाही तर ईडीचा ट, म्हणून डिस्पॅच्ट, आस्क्ट. थरथरला तर ड, रिसीव्ह्ड. आणि शब्द आधीच ट किंवा ड वर संपत असेल तरच इड, काउंटेड, लोडेड. सात माणसं रविवारी सकाळी गळ्याला हात लावून पुटपुटतायत, बाहेरून कुणी बघितलं असतं तर घसादुखीचं शिबिर वाटलं असतं. मेडिकलवाले काका म्हणाले गोळी देऊ का.

आता मॅडममध्ये पण काही खोट आहे का, तर आहे. एक म्हणजे एखादं क्रियापद हातात आलं की घड्याळ बघत नाहीत, ठरलेला विषय तिथेच राहतो, त्यामुळे पॅसिव्ह आमचं राहूनच गेलं, जे डिस्पॅचला सगळ्यात जास्त लागतं, मटेरियल हॅज बीन डिस्पॅच्ड. दुसरं, बोलायला फार कमी देतात, शंका फेडण्यात वेळ संपतो. तिसरं माझं त्यांच्याशी थोडं वाजलं ते प्रीपोनवरून, म्हणजे पोस्टपोनच्या उलट, ठरलेलं अलीकडे घेणं. त्यांना प्रीपोन, डू द नीडफुल, रिव्हर्ट बॅक सगळंच चालत नाही, लाल रेघ. रिव्हर्ट बॅक मला पटलं, रिव्हर्ट म्हणजे मुळात परत पूर्वीच्या जागी जाणं, त्यात अजून बॅक कशाला. पण प्रीपोन तर ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतसुद्धा आहे, भारतातला शब्द म्हणून, आणि नीडफुल इंग्रजांचंच जुनं कचेरीतलं इंग्रजी, ते निघून गेले आणि आपण सांभाळून ठेवलं. चुकीचं काय त्यात? मॅडम म्हणाल्या चुकीचं नाही, पण तुमच्या जर्मन कस्टमरला कळणार आहे का? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, तरी आपल्या पुण्या-मुंबईच्या पार्टीला मी प्रीपोनच लिहिणार, त्यांना तेच कळतं.

क्लासबरोबर मी एक पुस्तकही घेतलं, मॅडमच्याच सांगण्यावरून, रेमंड मर्फीचं निळ्या कव्हरचं इंग्लिश ग्रामर इन यूज, केंब्रिजचं. १९८५ पासून चालू आहे, माझ्याकडची पाचवी आवृत्ती २०१९ ची, १४५ छोटे छोटे धडे, डाव्या पानावर समजावलेलं आणि उजव्या पानावर लगेच सराव, चहा होईपर्यंत एक पान होतं. सुरुवातीचा मोठा भाग काळ आणि क्रियापदांचाच आहे. शेवटी अमेरिकन इंग्लिशवर एक छोटं परिशिष्ट आहे त्यातून मला कळलं की आमचा अमेरिकेतला कस्टमर डिड यू ऑलरेडी शिप इट असं लिहितो ते चूक नाही, तिकडे तसं चालतं, ब्रिटिश पद्धतीने हॅव यू ऑलरेडी शिप्ड इट. घेताना एक बघा, मागे उत्तरं असलेली प्रत घ्या, उत्तरं नसलेलीही मिळते आणि घरी एकट्याने करणाऱ्याला ती काही कामाची नाही. पुस्तकाची अडचण एकच, ते सगळ्या जगासाठी लिहिलंय, त्याला ‘गेले नाही’ माहीत नाही, बरोबर काय ते सांगतं पण माझं का चुकतं ते सांगत नाही. ॲपही टाकून बघितलं होतं फोनमध्ये, अकरा दिवस केलं, पक्षी-प्राण्यांची वाक्यं जुळवून कंटाळा आला, काढून टाकलं.

आता पैशाचं. तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या रविवारी गेले तर काउन्सेलर दारातच, म्हणे आता डाऊट बॅच ‘ॲडव्हान्स्ड ग्रामर’ झाली, तीन हजार वेगळे. मी म्हटलं फीमध्ये होती ना, तुम्हीच सांगितलं होतं. म्हणे पावतीवर लिहिलंय का? पावतीवर अर्थातच नव्हतं. मॅडमना बहुतेक माहीतही नसावं, आत त्या फळा टेकवत होत्या. मी भरले तीन हजार, कारण तोपर्यंत मला रविवारची चटकच लागली होती, सुटल्यावर चौघीजणी मिसळ खायला जायचो आणि मिसळीवरसुद्धा एकमेकींचे स्वेटर मोजायचो. पण पुढच्याच दोन रविवारी हॉल दुसऱ्या कुठल्यातरी सेमिनारला दिला आणि बॅच रद्द, आणि नंतर जी भरली त्यात सातच्या जागी एकतीस जण कोंबलेले, एसी बंद, मागून फळा दिसत नाही. मॅडमचा आवाज बसलेला. मी ऑफिसला लिहून कळवलं की मला तीन हजार परत द्या.

त्यामुळे कुणी विचारलं तर मी असं सांगेन, की कुठल्याही क्लासला आधी एक प्रश्न विचारा, आमची चूक मराठीत समजावून द्याल का. दंडाचा डबा दाखवला तर जिना उतरा. फीमध्ये काय काय आहे ते पावतीवर लिहून घ्या, तोंडी काहीही धरू नका. शक्यतो एक रविवार फुकट बसून बघा आणि किती डोकी आहेत ते मोजा. स्टार द्यायचे तर मॅडमना पाच, संध्याकाळच्या सरांना अडीच, त्यातला एक निव्वळ उत्साहाचा, नोट्सना अर्धा, आणि ऑफिसला द्यायला माझ्याकडे काही नाही. ती भिंतीकडची मुलगी रविवारी यायला लागली होती, पहिल्याच दिवशी मराठीत तिने सलग चार शंका विचारल्या, आवाज एकदम खणखणीत.

साहेबांना मेल दाखवणं मागच्या महिन्यात बंद झालं. त्यांनी सांगितलं नाही की दाखवू नका, मीच एकदा विसरले आणि त्यांनीही विचारलं नाही.

रिफंडचं म्हणाल तर ऑफिसचा मेसेज आलाय, वी विल रिफंड युवर अमाउंट टिल फिफ्टीन्थ. मी वाचूनच ओळखलं. आज बावीस तारीख आहे.